पराभूताचे कर्तव्य

विजयी मनुष्याला आपल्या श्रमांचे समर्थन करावे लागत नाही. ते काम त्याचा विजयच करतो. परंतु ज्याचा पराभव ठरून गेला आहे आणि तरीही ज्याला मैदान सोडून जाता येत नाही, त्याने उरलेल्या वेळी कसे वागावे, ह्या प्रश्नाकडे विचारवंतांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. लढाईत हरलेल्यापुढे मरण, शरणागती किंवा पलायन हे मार्ग तरी असतात. आयुष्यातील बहुतेक पराभव मात्र लढाईसारखे नसतात, हंगामासारखे असतात. हंगाम बुडाला हे मध्यावरच कळून चुकते, परंतु तो संपावयाचा असतो आपल्या ठरलेल्या दिवशीच. तोपर्यंतच्या दिवसांत मनुष्यावर कोणते कर्तव्य उरते, किंवा मुळात काही उरते की नाही, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

त्यासाठी आम्ही उदाहरण घेणार आहोत ते क्रिकेटच्या खेळातले. गंभीर वृत्तीचे वाचक ह्यावर नाक मुरडतील, ह्याची आम्हांस कल्पना आहे. परंतु खेळात पराभवाचा हिशेब आकड्यांत मांडलेला असतो आणि त्याविषयी दुमत संभवत नाही. इतर क्षेत्रांत हरलेला मनुष्य आपण हरलो हेच कबूल करीत नाही, आणि मग विचार पुढे सरकतच नाही. सबब विचाराच्या सोयीसाठी तरी खेळाचे उदाहरण उत्तम होय.

२०२२ सालचा इंडियन प्रीमियर लीगचा हंगाम वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षीचे सर्व साखळी सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे येथील मैदानांवर झाले. म्हणजे स्पर्धा जणू महाराष्ट्राच्या अंगणातच भरली होती. मुंबई इंडियन्स हा संघ त्यापूर्वी २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच वर्षे अजिंक्य ठरलेला; इतकी अजिंक्यपदे त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावावर नव्हती. असा हा संघ त्या वर्षी पहिले आठच्या आठ सामने हरला. पहिला विजय मिळाला तो ३० एप्रिल रोजी, राजस्थानविरुद्ध. हंगामाच्या अखेरीस चौदा सामन्यांत चार विजय आणि दहा पराभव अशी नोंद होऊन हा संघ दहा संघांत दहावा आला. कर्णधार रोहित शर्मा ह्याच्यासारख्या फलंदाजाला त्या संपूर्ण हंगामात एकही अर्धशतक करता आले नाही.

त्या दिवसांत आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या तोंडी एक प्रश्न वारंवार ऐकू येत असे: बाद फेरीची आशा संपली, तर आता हे उरलेले सामने खेळतातच कशाला? प्रश्न विनोदाने विचारलेला असे. परंतु नीट पाहू गेल्यास तो फार जुना आणि फार खोल प्रश्न आहे. ज्या कर्माच्या अंती काहीही मिळावयाचे नाही, ते कर्म मन लावून का करावे?

ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या हंगामातच घडून गेले. ६ मे रोजी तळाच्या मुंबईने गुजरात संघाला पाच धावांनी हरविले. गुजरातला अखेरच्या षटकात केवळ नऊ धावा हव्या होत्या आणि त्या डॅनियल सॅम्सने होऊ दिल्या नाहीत. पुढे महिनाअखेरीस अजिंक्य ठरला तो हाच गुजरात संघ. त्यानंतर २१ मे रोजी वानखेडे मैदानावर मुंबईचा अखेरचा सामना दिल्लीशी झाला. मुंबईला त्यातून काहीही मिळावयाचे नव्हते. जिंकली असती तरी दहावी आणि हरली असती तरी दहावीच. दिल्लीचे मात्र सर्वस्व त्यात गुंतले होते: जिंकल्यास बाद फेरी, हरल्यास घर. आणि दिल्ली हरल्यास तिची जागा बंगळूरच्या संघाला मिळणार होती, जो त्या दिवशी मैदानावर नव्हताच. जसप्रीत बुमराहने त्या दिवशी पंचवीस धावांत तीन गडी बाद केले. टिम डेव्हिडने अकरा चेंडूंत चौतीस धावा काढल्या. आणि मुंबईने पाच चेंडू शिल्लक ठेवून सामना जिंकला. दिल्ली घरी गेली, बंगळूर पुढे गेले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या दिवशी मुंबईच्या खेळाडूंनी अंग चोरले असते, तर त्यांचे काहीच बिघडले नसते. बिघडले असते ते बंगळूरचे. म्हणजे हरलेल्याच्या हातात स्वतःचे भवितव्य उरले नाही, तरी दुसऱ्यांचे भवितव्य त्याच्या हातात असूच शकते. आपले सर्व गेले म्हणून आपल्या हातून आता कोणाचे काही जाणार नाही, ही पराभूताची समजूत खोटी आहे. पराभवाने मनुष्याचा लाभ संपतो, त्याचे ऋण संपत नाही.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, जेत्याच्या विजयाला खरेपणा येतो तो हरणाऱ्याच्या प्रामाणिकपणामुळे. तळाचा संघ निराशेने हातपाय गाळून बसला आणि त्याच्यावर चार संघांनी सहज विजय मिळविले, तर त्या विजयांची किंमत काय? गुजरातचे अजिंक्यपद खरे ठरले, कारण त्याच्या वाटेवर तळाचा संघदेखील त्याला हरविण्यासाठी मनापासून झटत होता. परीक्षेत नापास होणारा विद्यार्थी नक्कल न करता नापास होतो, म्हणून पहिल्या येणाऱ्याचा पहिला क्रमांक खरा असतो. स्पर्धेची सर्व इमारत शेवटच्या क्रमांकाच्या प्रामाणिकपणावर उभी आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होऊ नये.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे सर्व धंदेवाईक खेळाडू आहेत. लिलावात कोट्यवधी रुपयांची बोली लावून त्यांना घेतलेले असते. त्यांनी मन लावून खेळावे ह्यात सद्गुण तो कोणता? हा आक्षेप आम्हांस लंगडा वाटतो. वेतनाने माणसाची हजेरी विकत मिळते, त्याचे मन नव्हे. वेतन तर कचेरीतील कारकुनालाही मिळते आणि आम्हां प्राध्यापकांनाही मिळते. म्हणून रिकाम्या होत चाललेल्या वर्गापुढे मन लावून शिकविणारा आणि घड्याळाकडे पाहत शिकविणारा ह्यांत काही भेद नाही, असे कोणी म्हणेल काय? वेतनपत्रकात तो भेद दिसत नाही, म्हणूनच तो नीतीचा विषय होतो.

दुसरा आक्षेप अधिक कसदार आहे आणि त्याची जन्मभूमी अमेरिका होय. तेथील बेसबॉल, बास्केटबॉल इत्यादी खेळांत अशी प्रथा आहे की, नव्या होतकरू खेळाडूंची निवड करण्याचा पहिला हक्क मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला मिळावा. हेतू उदात्त, की दुबळ्याला बळ यावे. परंतु परिणाम विपरीत झाला. हंगाम बुडालाच आहे, तर तो पुरताच बुडवावा, म्हणजे पुढल्या वर्षी उत्तम खेळाडू पदरात पडेल, असा व्यवहारी विचार कित्येक संघांचे चालक करू लागले. तो थोपविण्यासाठी बास्केटबॉलच्या संघटनेला १९८५ साली आणि बेसबॉलच्या संघटनेला २०२२ साली ह्या हक्काची सोडत काढण्याची पद्धत सुरू करावी लागली. हे चालक म्हणतील की, आम्ही भविष्याकरिता वर्तमानाचा त्याग करीत आहोत. ह्यात अनीती कोठे आहे?

अनीती आहे ती अशी, की हा त्याग ते स्वतःचा करीत नसून प्रतिस्पर्ध्याचा, प्रेक्षकाचा आणि आपल्याच खेळाडूंचा करतात. खेळाडूची वर्षे मोजकी असतात. चालकाच्या भविष्यकाळात त्याला स्थान असेलच असे नाही. शिकागो येथील व्हाइट सॉक्स ह्या बेसबॉल संघाने २०२४ साली १६२ पैकी १२१ सामने गमावून आधुनिक काळातील पराभवांचा उच्चांक केला. १९६२ साली न्यूयॉर्कच्या मेट्स संघाच्या नावावर लागलेला १२० पराभवांचा डाग त्याने पुसून आपल्या अंगावर घेतला. परंतु ह्या नामुष्कीची नोंद झाल्यावर दोन सामने उरले होते, आणि ते दोन्ही त्या संघाने जिंकले. उच्चांक होऊन गेला होता. त्या दोन विजयांनी तो पुसला जाणार नव्हता. तरीही ते जिंकले, ह्याचा आम्हांस विलक्षण आनंद वाटतो. वर बसून हिशेब करणारे काहीही ठरवोत, मैदानावर उभा असलेला मनुष्य अजून हिशेबनीस झालेला नाही, ह्याची ती खूण होय.

निष्काम कर्माचा उपदेश आपल्याकडे गीतेपासून चालत आलेला आहे. परंतु त्याचे उदाहरण द्यावयाची वेळ आली की आपण बहुधा थोर पुरुषांकडे धाव घेतो. वस्तुतः तो उपदेश सामान्यांच्या पराभवातच अधिक कळतो. आमच्या विदर्भाचा क्रिकेट संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेत १९५७-५८ साली प्रथम उतरला आणि करंडक त्याच्या हाती आला तो २०१८ सालच्या १ जानेवारीस, इंदूर येथे दिल्लीला नऊ गडी राखून हरविल्यावर. मधली साठ वर्षे जे विदर्भाकडून खेळले, त्यांतील बहुतेकांना ह्या करंडकाचे दर्शनही झाले नाही. त्यांनी खेळ सोडला असता, तर फैज फजलच्या संघाला करंडक उचलावयास संघच उरला नसता.

आता प्रेक्षकांविषयी थोडके. पराभूताकडून एवढी अपेक्षा करणाऱ्या आपणांवरही काही बंधन आहे की नाही? २०२४ साली मुंबईचा संघ पुन्हा तळाशी गेला. त्या हंगामात नवा कर्णधार हार्दिक पंड्या ह्याला वानखेडेवर त्याच्याच संघाच्या प्रेक्षकांनी हुर्यो करून हैराण केले. नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकर ह्यांना प्रेक्षकांस नीट वागण्याची सूचना करावी लागली. पुढे २९ जून रोजी विश्वचषकाचे अखेरचे षटक ह्याच हार्दिकने टाकले, भारत जिंकला, आणि ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत मनुष्य बदलला नव्हता. फळ बदलले होते. हरणाऱ्याने फळाकडे न पाहता खेळावे असा उपदेश करणारे आपण स्वतः फळाखेरीज दुसरे काहीच पाहत नाही, ही विसंगती लाजिरवाणी आहे.

येथवरचे विवेचन पुष्कळांस पटेल असे आम्हांस वाटते. परंतु आम्ही ज्या बुलढाणा जिल्ह्यात राहतो, तेथे हे लिहीत असताना एका गोष्टीकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्याकडेही हंगाम हा शब्द रोज वापरला जातो, तो कपाशीचा आणि सोयाबीनचा. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते आणि ते ऐकावयास गावोगावचे शेतकरी जमतात. भाकीत कसेही येवो, मृग लागला की पेरणी होते. पाऊस दडी मारून बसला तर दुबार होते. मागील वर्ष बुडाले म्हणून ह्या वर्षी तिफण घरात ठेवली, असे सहसा घडत नाही. हे पाहून, पराभवानंतरही खेळत राहण्याचा आदर्श म्हणून शेतकऱ्याचा गौरव करण्याचा मोह लेखकांस आणि वक्त्यांस अनावर होतो.

तो मोह आम्ही आवरतो, आणि त्याचे कारण आहे. मुंबईचा संघ २०२२ साली दहावा आला. परंतु २०२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याच्या खाती शून्य गुण होते, आणि अजिंक्य गुजरातच्या खातीही शून्यच. खेळातील सर्वांत मोठी दया ही, की त्यातील पराभव पुढच्या वर्षाच्या खाती ओढला जात नाही. शेतकऱ्याचा हंगाम शून्यापासून सुरू होत नाही. बुडालेल्या वर्षाचे कर्ज व्याजासह नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर बसलेले असते. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचे नाव होते. ज्याचा प्रत्येक डाव मागील सर्व पराभवांच्या ओझ्यासह सुरू होतो, त्याला खेळाडूचा दाखला देऊन 'झटत राहा' असे सांगणे म्हणजे नीतीच्या नावाखाली निर्दयपणा होय.

आपल्या पूर्वजांना हा भेद कळत होता. व्याजाची रक्कम एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्राने घालून दिला आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. त्यामागील तत्त्व एवढेच की, हरण्यालाही कोठेतरी सीमा असावी. व्यापारी कंपन्यांसाठी अशी सीमा २०१६ सालच्या दिवाळखोरी संहितेने आखून दिली. शेतकऱ्यासाठी २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी झाली. परंतु माफी ही प्रसंगाने मिळते आणि नियम हा नेहमी असतो. तळाच्या संघाला शून्यावर आणण्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही. ते वेळापत्रकातच लिहिलेले असते.

तेव्हा पराभूताचे कर्तव्य आम्ही मानतो, आणि ते कठोर आहे असेही मानतो. आशा संपल्यावरही त्याने मन लावून खेळावे, कारण त्याच्या खेळावर इतरांचा न्याय अवलंबून आहे. परंतु हे कर्तव्य एकतर्फी नाही. ज्या समाजाने पराभवाला सीमा घातली, हरलेल्याला पुढल्या हंगामात इतरांच्या बरोबरीने उभे राहता येईल अशी सोय केली, त्या समाजालाच हरलेल्याकडे शेवटच्या सामन्याचा प्रामाणिकपणा मागता येतो. ती सोय केल्यावाचून तो मागण्याचा हक्क आपणांस पोहोचतो काय, हे वाचकांनीच आपल्या मनाशी ठरवावे.