चुकलेला हात आणि पाच कारणे

२० जानेवारी १९९२ च्या रात्री लियाँहून निघालेले एअर इंटरचे एअरबस ए-३२० विमान स्ट्रासबर्गला उतरण्याच्या बेतात असताना साँत-ओदीलच्या डोंगरावर आदळले. विमानातल्या ९६ जणांपैकी ८७ जण गेले. चौकशीत सर्वांत संभाव्य ठरलेले कारण ऐकायला क्षुल्लक वाटते. विमान किती झपाट्याने खाली न्यायचे, हे ऑटोपायलटला सांगणारा एकच नॉब दोन पद्धतींनी वापरता येत असे. एका पद्धतीत आकडा दाखवणाऱ्या खिडकीतल्या ३३ चा अर्थ ३.३ अंशांचा उतार, तर दुसरीत मिनिटाला ३,३०० फूट, म्हणजे हव्या त्या वेगाच्या जवळजवळ चौपट. वैमानिकांना बहुधा पहिला अर्थ अभिप्रेत होता आणि यंत्र दुसऱ्या पद्धतीत होते. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्या विमानात बसवलेलीच नव्हती. अशा अपघातानंतर आपण ‘वैमानिकाची चूक’ म्हणून मोकळे होतो. पण कृती ज्याच्या हातून घडली तोच तिचा कर्ता, आणि तो एकटाच कर्ता, हे आपण कशाच्या आधारावर ठरवतो?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान (जिथे कर्म घडते ते स्थान), कर्ता, करण (साधन), चेष्टा (हालचाल) आणि दैव. ती सांगून झाल्यावर, जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही, असेही तिथे बजावले आहे. हे विवेचन मोक्षाच्या संदर्भातले आहे, ते यंत्रशास्त्राला लावणे ओढूनताणून होईल, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे, आणि गीतेने विमान-सुरक्षेचा विचार केला होता असा दावा इथे नाहीच. मात्र कर्म म्हणजे अनेक कारणांची जुळणी आहे, हे निरीक्षण खरे असेल तर ते कॉकपिटमध्येही खरेच राहणार. स्ट्रासबर्गच्या दुर्घटनेत रात्र आणि डोंगराळ मुलूख होता, नॉब फिरवणारा हात होता, आणि एकाच आकड्याला दोन अर्थ देणारे साधनही होते. ‘करण’ हे स्वतंत्र कारण मानले की साधनाला चौकशीतून सूट मिळत नाही. पुढे एअरबसने ती खिडकी बदलली आणि फुटांचा वेग चार आकड्यांत दिसू लागला. केवळ हात दोषी असता तर खिडकी बदलण्याचे कारणच नव्हते.

यावर मोठा आक्षेप असा की दोष पाच ठिकाणी वाटला तर तो कोणाच्याच वाट्याला उरत नाही. स्ट्रासबर्ग प्रकरणात २००६ मध्ये कोल्मारच्या न्यायालयाने सहाही आरोपींना फौजदारी आरोपांतून मुक्त केले, तेव्हा मृतांच्या नातेवाइकांना हेच वाटले असेल तर नवल नाही. शिवाय तोच नॉब वापरून हजारो विमाने सुखरूप उतरली होती, मग दोष नॉबचा कसा? आक्षेपाचा हा दुसरा भाग दिसतो तितका भक्कम नाही. सापळा रोज चुकवता येतो, यावरून सापळा नव्हता असे सिद्ध होत नाही. तो चुकवण्यात रोज माणसाची शक्ती खर्च होत होती, एवढेच त्यातून कळते.

पहिल्या भागाचे उत्तर शोधायला जैन विचार उपयोगी पडतो. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. मारण्याचा हेतू नव्हता एवढ्यावर तिथे सुटका होत नाही. मग वैमानिकही सुटत नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी ग्रीसमध्ये कोसळलेल्या हेलिओस या विमान कंपनीच्या बोइंगमध्ये केबिनचा दाब सांभाळणारा स्विच ‘मॅन्युअल’वर राहिला होता, आणि चेकलिस्टच्या टप्प्यांवर तो वैमानिकांच्या ध्यानात यायला हवा होता. १२१ माणसे गेली. पण स्विच त्या जागी राहिला तो आधीच्या देखभालीनंतर. आणि दाब घटल्याचा भोंगा व उड्डाणाची तयारी अपुरी असल्याचा भोंगा एकाच आवाजाचे होते. प्रमादाची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर ती कॉकपिटच्या दाराशी थांबत नाही. ज्याला धोका कळू शकत होता आणि ज्याच्या हाती तो टाळणे होते, त्या प्रत्येकापर्यंत ती जाते. म्हणजे जबाबदारी वाटल्याने विरळ होत नाही. वैमानिकाकडे ती काही सेकंदांसाठी असते. आराखडा करणारे, देखभाल करणारे आणि परवाना देणारे यांना मात्र विचार करायला महिने-वर्षे मिळालेली असतात.

राहिले दैव. पाचांत ते शेवटी येते, आणि उरलेली चार नीट तपासून झाल्यावरच त्याचे नाव घेणे शोभते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोष वाटणे हा नव्हे. यात नीतीला बगल दिल्यासारखे वाटते, पण खरे तर तिचा कस इथेच लागतो. माणसाचा हात चुकणार हे आता कोणालाच नवे नाही. ते ठाऊक असूनही जो दुहेरी अर्थाचा आकडा तसाच ठेवतो, त्याची चूक क्षणाची म्हणता येत नाही, कारण ती त्याने विचार करायला वेळ असताना केलेली असते.