अमृत मागत नाही

केदारेश्वरा,

तुझ्या देवळाच्या भिंतींवर चालुक्यांच्या काळापासून सुरसुंदरी उभ्या आहेत. लांबून माणसं धर्मापुरीला येतात, त्यांचं एकेक वळण न्याहाळतात, वाखाणतात. याच मुलखातल्या जित्याजागत्या बाया दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रॉलीत टाकून ऊसतोडीला निघतात, आणि त्यांच्या अंगात काय दुखतंय-खुपतंय हे बघायला कुणाला सवड नसते. आज त्यांच्यासाठी तुझ्या दारात उभी आहे. ऐक देवा.

आधी तुझे उपकार मानते. गर्भाशयाचं आतलं अस्तर तू असं घडवलंस की ते महिन्याच्या महिन्याला झडतं आणि पुन्हा उगवतं, बाईच्या आयुष्यात शेकडो वेळा. शरीरातल्या बहुतेक पेशींना तू एवढी मोकळीक दिली नाहीस. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टेलोमिअर ठेवलंस, टीटीएजीजीजी ही सहाच अक्षरं शेकडो-हजारो वेळा पुन्हा पुन्हा लिहिलेली. पदर उसवू नये म्हणून दशांना गाठी मारतात, तशीच ही तुझी तजवीज. पेशी दुभंगली की टोक जरा झिजतं. फार झिजलं की पेशी दुभंगायची थांबते. पण या अस्तराला तू टेलोमरेज नावाचं विकर वापरायची मुभा दिलीस. ते झिजलेलं टोक भरून काढतं. पाळीनंतर इस्ट्रोजेनच्या अमलाखाली अस्तर वाढू लागलं की त्याचा जोर चढतो, प्रोजेस्टेरॉन आलं की ओसरतो. टेलोमिअरचं आणि या विकराचं कोडं सोडवल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ साली नोबेल मिळालं. ज्यांना तू असं बघायची बुद्धी दिलीस, त्यांच्यासाठीही हात जोडते.

इथून जवळच परळीला तू वैद्यनाथ होऊन बसलास. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी तिथल्या लिंगात लपवले, अशी कथा आमच्याकडे सांगतात. दैत्यांनी हात लावला तर ज्वाळा निघाल्या, भक्तांनी लावला तर अमृत पाझरलं. अस्तराच्या कॅन्सरची पेशी त्या दैत्यांच्याच जातीची. ज्या विकराला महिन्यातून ठरल्या वेळी यायचं आणि जायचं, त्याला ती कायमचं कामाला जुंपते. प्रोजेस्टेरॉननं ‘पुरे’ म्हटलेलं ती ऐकत नाही. वाढीला लगाम घालणारा पीटीईएन नावाचा जनुक या रोगात फार वेळा मोडलेला सापडतो. न मरण्याचा हट्ट धरलेली ही एक पेशी ज्या बाईच्या जिवावर जगते, तिचाच जीव घेते. म्हणून देवा, अमृत मागत नाही. वेळेवर थांबण्याचं जे शहाणपण तू निरोगी पेशीला दिलंस, ते आमच्या अंगात शाबूत राहू दे.

आणि ज्या डॉक्टरांना थांबायचं कळलं नाही, त्यांच्याविरुद्धचं गाऱ्हाणंही तुझ्याचपुढं घालते. याच बीड जिल्ह्यात बाई अंगावरून जातंय म्हणून, ओटीपोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली, तर तिला ‘गर्भपिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आकडे आले: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. शंभरात जवळजवळ सतरा. कित्येक चाळिशीच्याही आतल्या. फडात खाडा झाला की पैसे कापले जातात, मुकादमाची उचल डोक्यावर असते, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही. अशा बाईला कॅन्सरचं भय दाखवलं की ती कर्ज काढून टेबलावर झोपते. देवा, अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा पाळी गेल्यानंतरच्या वयात होतो. तिशीतल्या बाईच्या पांढऱ्या पाण्यावर त्याचं नाव चिकटवणाऱ्याला तू जाब विचार.

खऱ्या रोगाला तू मुकं ठेवलं नाहीस, हे तुझं मोठेपण. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा अंगावर लाल दिसलं, तर तो निरोप समजावा. तो थेंबभर असला तरी सासूला, आईला, मावशीला लपवू देऊ नकोस. ‘या वयात असलं कुठं बोलायचं’ ही लाज त्यांच्या मनातून काढ. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झाली म्हणजे अस्तराचीही झाली, असा समज करून घेऊ देऊ नकोस. त्यासाठी सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघावी लागते, तुकडा तपासावा लागतो.

बायांचं ऐकून घेणारी माणसं दे. १८९५ साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये, आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं, आमच्या घरात सगळे कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती खरोखर अस्तराच्या कॅन्सरनंच गेली. पण वॉर्थिननं तिचं बोलणं उडवून लावलं नव्हतं. तिच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती जमवली आणि १९१३ साली छापली. पुढं डॉक्टर हेन्री लिंच यांनी तो धागा धरला, आणि १९९३ पासून एमएसएच२, एमएलएच१ असे जनुक हाती लागले. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका हे जनुक दुरुस्त करवून घेतात. ते बिघडले की आतड्याचा आणि अस्तराचा कॅन्सर पिढीजात चालतो. देवा, आमच्या वंशावळीत लेकींची नावंच नसतात. मावशी कशानं गेली, आत्या कशानं गेली, हे आम्हाला विचारायला शिकव. अशा घरातल्या बाईला लेकरं झाल्यावर गर्भाशय आधीच काढायचा सल्ला योग्यही असू शकतो. पण तो जनुक तपासून, तिला नीट समजावून, तिनं हो म्हटल्यावर.

ज्यांना रोग झालाच आहे, त्यांना त्यांच्या रोगाचं खरं नाव कळू दे. २०१३ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पानं दाखवलं की जनुकांवरून या रोगाचे चार गट पडतात. पीओएलई जनुक बिघडलेल्या गटात पेशी चुकांचा डोंगर रचते, पण त्याच गटातल्या बाया सगळ्यांत चांगल्या तरतात. एवढी चुकलेली पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना चटकन ओळखू येते. पी५३ बिघडलेला गट सर्वांत अवघड. २०२३ पासून रोगाची पायरी ठरवतानाही हे गट धरले जातात. कुणाला जादा किरणं लागणार नाहीत, कुणाला औषध जोरानं द्यावं लागेल, ते यावरून ठरवता येतं. ही तपासणी मुंबईपुरती राहू देऊ नकोस. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत बसलेल्या बाईपर्यंत पोचव.

हे होण्यासारखं आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,००० हून जास्त खेड्यातल्या बाया एका अभ्यासात होत्या, आणि एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीनं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात हे २००९ साली जगाला कळलं ते त्यांच्यामुळं. खेड्यातल्या बाया तपासणीला येतात देवा. त्यांच्या दारापर्यंत जाणारं कुणीतरी लागतं. तेवढं कुणीतरी आमच्या तांड्या-वाड्यांवर, फडांवर धाड.

डॉक्टरच्या हाताला कौशल्य दे, आणि त्याआधी सबुरी दे. मुकादमाला दया दे, सरकारला लाज दे. आणि तपासणीच्या आधीच कुणी ऑपरेशनची तारीख देऊ लागलं, तर खुर्चीवरून न हलता ‘डॉक्टर, आधी तुकडा तपासा’ असं म्हणायचं बळ माझ्या बायांच्या तोंडी दे.