डाग आणि खूण

जुनी वस्तू स्वच्छ करणे हे वरकरणी हाताचे काम. परंतु तिच्यावरील काय पुसावे आणि काय राहू द्यावे, हे ठरवू लागताच तो विवेकाचा प्रश्न होतो.

आतून लोकर असलेले मेंढीच्या कातड्याचे जाकीट घ्या. हवाईछत्र्या बनविणाऱ्या लेस्ली अर्विन या अमेरिकन गृहस्थाने १९३०च्या दशकात ब्रिटिश वैमानिकांसाठी असे जाकीट तयार केले. ते पुढे जगभर प्रसिद्ध झाले. त्यातील लोकर अस्तरासारखी शिवलेली नसते. ती मूळ कातड्यावरच असते आणि तंतूंत हवा धरून ऊब राखते.

कुरखेड्यासारख्या जंगलपट्ट्यात असे जाकीट सापडलेच, तर एखाद्या निवृत्त सैनिकाच्या पेटीत. समजा, आजोबा गेले, चार पावसाळे पेटी बंद राहिली. उघडली तो कातड्यावर बुरशी, लोकरीत कसर. नातू म्हणतो, रंग देऊन नवे करू. आजी म्हणते, हात लावू नका. कॉलरवर त्यांच्या मानेचा घाम आहे. दोघांचेही प्रेम खरे आहे. मग योग्य कोण?

नातवाचा रंग भेगा झाकील, पण त्या वस्तूचे आयुष्यही झाकील. ऐतिहासिक वास्तूंविषयी १९६४ साली व्हेनिस येथे स्वीकारलेल्या सनदेत असे तत्त्व आहे की, जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा. जुन्याला नवे भासविणे हा एक प्रकारचा असत्यालापच होय.

तथापि आजींचे म्हणणेही पुरते टिकत नाही. बुरशी सजीव आहे, कसर लोकर खाते, घामातील क्षार कातडे कोरडे करतात. आठवण म्हणून जपलेली गोष्टच आठवणीचा आधार पोखरीत असते.

येथे एक कसोटी उपयोगी पडते: जे अद्याप कुरतडते आहे तो डाग, जे थांबले आहे ती खूण. डाग काढावा, खूण राखावी.

म्हणून पावसाळा सरल्यावर जाकीट घराबाहेर, सावलीत, नाकातोंडाला फडके बांधून मऊ ब्रशने झाडावे. सौम्य साबणाचे जेमतेम ओलसर फडके प्रथम कॉलरखालच्या न दिसणाऱ्या भागावर फिरवून पाहावे. भिजवू नये, उन्हात वा चुलीजवळ वाळवू नये, कातडे आक्रसून कडक होते. वाळल्यावर चामड्याचे मलम अगदी थोडे लावावे आणि सुती कापडात ठेवावे. फाटले असेल तर आतून पातळ, मऊ चामडे जोडावे. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले तर फाटलेले अधिकच फाटते, हा मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टान्त शिवणकामातही खराच आहे.

एवढे करूनही कोपरावरची झीज राहील, कॉलरचा काळपटपणा पुरता जाणार नाही. त्याची खंत करू नये.

आपल्या कुटुंबांच्या स्मृतींनाही हीच कसोटी लावता येईल. बांधावरून झालेल्या भांडणाचा सल दोन पिढ्या भावाभावांना बोलू देत नसेल, तर तो वारसा नव्हे. ती बुरशी आहे. उलट, सोसलेल्या दारिद्र्याची आठवण लेकरांपासून दडवून भिंतीला नवा रंग देण्यात शहाणपण नाही. ती खूण आहे. तिच्यापाशी बसून लेकरांना आजोबांची गोष्ट सांगता येते.