वळलेल्या पाण्याची साक्ष

जमिनीच्या ज्या चिरेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात, तिला भूगोलात भ्रंश म्हणतात. तो उपग्रहाच्या चित्रात स्वतः क्वचितच दिसतो. दिसतं ते त्याने दुसऱ्याचं काय केलं ते. कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो मैदानात वॉलेस क्रीक नावाचा एक ओढा आहे, बहुतेक काळ कोरडाच. टेकड्यांतून तो सरळ उतरतो, सॅन अँड्रियास भ्रंशापाशी आला की कूस बदलतो आणि सुमारे 130 मीटर त्याच्या कडेकडेने जाऊन मगच पुढची वाट धरतो. ही वळणाची हौस पाण्याची नव्हे. पाणी आपल्या वाटेने वाहत होतं. वाटच सरकत गेली, साधारण 3,700 वर्षं. सरासरी काढली तर वर्षाला 34 मिलिमीटरच्या आसपास भरतात, पण ही सरासरी फसवी आहे. इथली जमीन दम धरून बसते आणि एखाद्या सकाळी उसळते. 9 जानेवारी 1857 ला ती अशीच काही मीटर सरकली. तेव्हापासून गप्प आहे.

अशा सरकण्याच्या खुणा वरूनही वाचता येतात. भूवैज्ञानिक पीटर मॉल्नार आणि पॉल टॅपोनिए यांनी 1975 मध्ये पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून तिबेटच्या उत्तरेचा अल्तिन ताग भ्रंश वाचला. तिथे पाऊल ठेवणं परकीय भूवैज्ञानिकाला त्या काळी जवळजवळ अशक्य होतं. भारताच्या धडकेने आशिया नुसता चुरगळत नाही, त्याचे मोठाले तुकडे पूर्वेकडे सरकतात, असं त्यांनी मांडलं. गंमत अशी, की त्या चित्रातला एकेक ठिपका जमिनीवरच्या सुमारे 80 मीटरचा. वॉलेस क्रीकचं सगळं वळण त्यात दोन ठिपक्यांत आटोपलं असतं! बारकावे पुसले गेले, म्हणूनच बहुधा हजार मैलांची रेघ नजरेत भरली.

आणि मग आपल्याकडची किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. तिथे असा वळलेला ओढा कुठून आणायचा? तिथला भ्रंश इतक्या क्वचित हलतो, की पाण्याला वळण लागावं एवढी सवयच होत नाही. वर काळी माती, खाली शेकडो मीटर बेसाल्ट. भूकंपानंतर शेतांत उंचवटे सापडले, तेही मीटरभरापेक्षा कमी, बांधाएवढे. ही माती दर उन्हाळ्यात भेगाळते, दर पावसाळ्यात फुगून मिटते; जुने शेतकरी म्हणतात, ती स्वतःच स्वतःला नांगरते. अशा रानात बांधाएवढी खूण किती वर्षं टिकणार?