गोठ्याचे लाकूड



मुंबईहून गोव्यास जाणारा महामार्ग व रत्नागिरीहून कोल्हापुरास जाणारा रस्ता हातखंब्यापासून काही अंतर एकच होतात, व पाली येथे पुन्हा आपापल्या वाटेने जातात. ह्या पालीच्या आसपासच्या वाड्यांत, तशीच कोकणात पुष्कळ ठिकाणी, एक गोष्ट दृष्टीस पडते. घरचे तरुण पोटासाठी मुंबईस गेले, दावणीची गुरे गेली, व रिकामा गोठा पावसात खचू लागला. मग एके दिवशी तो पाडतात. बरे दिसणारे वासे मिळेल त्या भावाने विकतात, व उरलेले चुलीत घालतात. ह्या लाकडापासून आपणांस काय बोध घेता येईल, ह्याचा आज विचार करू.

पहिली गोष्ट ही की, लाकडाची पारख गाभ्यावरून करावी. गोठ्यास बहुधा ऐन, किंजळ, कोठे साग, कोठे फणस ही लाकडे घातलेली असतात. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, व पुढे ती कौले ह्या किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्यांचा भार ज्या तुळयांनी वर्षानुवर्षे सोसला, त्या आज धुराने व शेणामातीने काळ्या पडल्या आहेत. परंतु त्यांवरून एकदा रंधा फिरवावा, म्हणजे आतील रंग व रेषा प्रकट होतात. ओले लाकूड वाळताना आकसते, पिळवटते व चिरते; जुन्या लाकडाचे आकसणे बहुतेक होऊन गेलेले असते. म्हणून जाणता सुतार त्यास हलके लेखीत नाही. तथापि तो आंधळेपणाने घेतही नाही. तो टोचून पाहतो, ठोकून आवाज ऐकतो. खांबाचा जमिनीत पुरलेला कुजका बुंधा कापून टाकतो. कडेच्या ज्या कच्च्या भागात भुंग्याने पीठ पाडले आहे, तो तासून काढतो. व राहिलेल्यास टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून लावतो, म्हणजे कीड पुन्हा धरत नाही. प्रीती व पारख ही दोन्ही त्याच्या हातात एकत्र नांदतात. मंडळीतील दुर्बळ बंधूकडे आपण ह्याच दृष्टीने पाहतो काय?

दुसरी गोष्ट ही की, खिळे काढल्यावाचून काम आरंभू नये. जुन्या वाशात कितीएक खिळे डोके तुटून आत राहिलेले असतात. वरून हात फिरविला तर ते लागत नाहीत. परंतु करवत चालू होताच तिचे दाते मोडतात, आणि विजेची करवत असली तर उडालेला तुकडा कारागिराचा डोळाही घेतो. म्हणून पुष्कळ जण लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा हुडकतात व जंबुराने उपटतात. ह्या कामास वेळ लागतो, व त्याबद्दल कोणी वाहवा करीत नाही. तरी हे टाळून जो भुशात सरस कालवून भोके बुजवितो व वर चकाकी चढवितो, तो गिऱ्हाइकास फसवितो. बंधूंनो, जुने वैर, भावकीचा तंटा, न फेडलेले देणे, हेही असेच आत राहिलेले खिळे होत. प्रार्थनेच्या वरवरच्या चकाकीने ते निघत नाहीत. आणि गोठ्याविषयीच बोलायचे तर तो पुष्कळदा सामाईक असतो. दूर असलेल्या भावास न विचारता त्याचे लाकूड विकणे हा खिळा काढणे नव्हे, नवा ठोकणे होय.

तिसरी गोष्ट ही की, ह्या लाकडाचे जे काही घडवाल, त्यावर कोणास बसावयास मिळेल, हे ठरवून मग करवत हाती घ्या. तुळईचे मेज होते, वाशांचे बाक होतात. जुनी साळ बुजवून तेथेच नवी पाडली व कूस नीट बसविली, तर शाळेच्या मुलांस दोन पिढ्या पुरतील. परंतु एक स्मरण ठेवा. आपल्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या गोठ्यातील शेण काढले, पण त्यांस त्या घराच्या ओटीवर पाऊल ठेवण्याची मोकळीक नव्हती. त्या गोठ्याच्या लाकडाभोवती आज सर्वांनी मिळून जेवावे, ह्याहून अधिक शोभेचा उपयोग कोणता? ह्याच जिल्ह्यात, रत्नागिरी शहरी, १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंस खुले झाले. इतरांनी दार उघडले असता आपण प्रभूचे म्हणवून घेऊन मेजाभोवती जातवार बसावे काय?

नहेम्याने यरुशलेमेचा तट पुन्हा बांधावयास घेतला, तेव्हा सनबल्लटाने चेष्टा केली की, कचऱ्याच्या राशीतील जळके धोंडे हे पुन्हा जिवंत करणार काय? लोकांनी उत्तर दिले ते कामाने, व तट उभा राहिला. आपल्या प्रभूचा पहिला बिछाना गव्हाणीत होता. ती लाकडाची होती की दगडाची, हे शास्त्रात सांगितलेले नाही, परंतु ती गुरांची होती एवढे खचित. पुढे तो सुतार म्हणून वाढला, व त्याच्या गावच्या लोकांनी त्याच धंद्यावरून त्यास हिणविले. जो गव्हाणीत निजला व ज्याने रंधा धरला, त्यास टाकून दिलेल्याची किंमत कोणी शिकवावी?

म्हणून, उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावी गोठा पडत असेल, तर लाकूड चुलीत जाण्यापूर्वी तेथे जा. सर्व वाटेकऱ्यांची संमती घ्या, वाहतुकीस परवाना लागतो की काय ते वनखात्याच्या कचेरीत विचारा, लाकूड काही आठवडे छपराखाली कोरड्यात ठेवा, आणि गावच्या सुतारास त्याची योग्य मजुरी द्या. मग जो बाक तयार होईल, त्यावर गावात ज्यास कोणी बसावयास सांगत नाही, त्याला प्रथम बसवा.

प्रभू आपणां सर्वांस ही पारख, हा धीर व ही प्रीती देवो. आमेन.