वहीची मागची पाने



वारकरी बंधुभगिनींनो, नवविधा भक्तीची नावे आपल्यापैकी बहुतेकांस मुखोद्गत आहेत. भागवताच्या सप्तम स्कंधात प्रल्हादाने ती आपल्या पित्यास सांगितली. श्रवणापासून आरंभ आणि आत्मनिवेदनाशी समाप्ती. श्रवण आपण करतो, कीर्तनात उभे राहतो, नामस्मरण श्वासाबरोबर चालावे म्हणून धडपडतो. पण नववी जी आत्मनिवेदनभक्ती, तिच्या दाराशी आलो की आपण लांबूनच हात जोडतो आणि म्हणतो, ती थोरामोठ्यांची, आपले ते काम नव्हे. या महिन्यात निरूपणास तीच घेतली आहे. तिला कारण आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी आपल्यापुढे ठेवतो, मग पुढे बोलतो.

काही वर्षांमागची गोष्ट. आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी कीर्तन आटोपून आम्ही राहुटीत टेकलो होतो. दिंडीतलाच एक शेतकरी, वय चाळिशीच्या आसपास, येऊन पाया पडला आणि बाजूला बसून राहिला. बोलेना. शेवटी प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने एक वही काढली. पुढून पाहिली तर खताचे, बियाण्याचे, मजुरीचे हिशेब. त्याने ती उलटी करून दिली. मागच्या पानांवर दाट अक्षरांत काही लिहिले होते.

तो म्हणाला, ‘महाराज, थोरला भाऊ गेला. वाटणीवरनं सहा वर्षं बोलणं नव्हतं आमचं. तो गेला अन् झोप गेली. रात्री उठून पांडुरंगाला लिहीत बसतो. तेवढंच बरं वाटतं. पण सगळं वेडंवाकडं हाय. तुमी जरा शुद्ध करून द्या. अभंगासारखं झालं तर देवापुढं म्हणीन.’

वही आम्ही ठेवून घेतली. पंढरीहून परतल्यावर वाचली. तिच्यात देवाला शिव्या होत्या, भावाला शिव्या होत्या, मध्येच बैलाच्या किमतीचा आकडा होता, मध्येच लहानपणी दोघांनी चिंचा पाडल्याची आठवण होती. सज्जनहो, आम्ही पाठशाळेत वाढलेले, लघुकौमुदी घोकून घडलेले. अशुद्ध दिसले की आमचा हात थांबत नाही. आम्ही ऱ्हस्वदीर्घ नीट केले, शिव्या काढल्या, चिंचा काढल्या, चरण जुळवले, यमके बसवली आणि कोऱ्या वहीत सुवाच्य अक्षरांत सारे उतरून दोन्ही वह्या त्याला पोचत्या केल्या. मनात थोडा अभिमानही झाला, तो का लपवावा?

पुढल्या आषाढीला तो पुन्हा भेटला. म्हणाला, ‘महाराज, वही लई चांगली झाली. पण एक सांगू का? जुन्या वहीत एक ओळ होती, बांध मी कोरला म्हणून. ती तुमी काढली.’

आम्हाला आठवले. मागचापुढचा संबंध नसलेले तीन शब्द. चरणात बसत नव्हते, म्हणून आम्ही त्यांवर काट मारली होती.

तो म्हणाला, ‘सहा वर्षं मी गावभर सांगत हुतो, भावानं बांध कोरला. कोरला हुता मीच, एका पावसाळ्यात, हातभर. रात्री लिहिता लिहिता हातातनं निघून गेलं, माझं मलाच कळलं न्हाई. तुमच्या वहीत ती ओळ दिसंना तवा पहिलं बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. महाराज, सगळ्या वहीत तेवढी एकच ओळ खरी हुती.’

काय उत्तर देणार? आम्हीच त्याच्या पाया पडलो. तो संकोचला. ‘मग पुढे काय केलेस, माउली?’ असे विचारले. म्हणाला, ‘हातभर रान पुतण्याकडं सोडलं. बांध पुन्हा घातला. झोप येती आता, रोज न्हाई, पण येती.’

असो. आता मूळ विषयाकडे वळू. ‘निवेदन’ या शब्दात ‘विद्’ हा धातू आहे. विद् म्हणजे जाणणे. त्याला ‘नि’ उपसर्ग लागून प्रयोजकाचे रूप झाले, म्हणून निवेदन म्हणजे जाणवून देणे. येथे कोणी शंका घेईल की देव तर सर्वसाक्षी आहे, त्याला आणखी काय जाणवून द्यायचे? शंका रास्त आहे. समाधान असे की, देवाला ठाऊक असतेच, ठाऊक नसते ते आपल्याला. देवापुढे सांगायला बसलो म्हणजे प्रथम आपल्याच कानावर पडते. त्या शेतकऱ्याने बांध कोरल्याचे पांडुरंगाला कळवले, पण कळले कोणाला? त्याचे त्यालाच कळले.

आपल्या संतांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. तुकोबारायांच्या आयुष्यात दोन वह्या इंद्रायणीत गेल्या. पहिली सावकारीची. सन १६३० च्या सुमारास जो घोर दुष्काळ पडला, त्यात दुकान बसले, मान गेला, पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली आणि लहानगा संतूही गेला. पुढे वडिलोपार्जित कर्जखते हाती आली तेव्हा निम्मी धाकट्या कान्होबाला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी नदीला अर्पण केली. दुसरी वही अभंगांची. ती त्यांना दुसऱ्यांच्या आज्ञेने बुडवावी लागली. आता भेद पाहा. लोकांकडून येणे असलेली खते बुडाली, ती त्यांनी कधी परत मागितली नाहीत. निवेदनाची वही बुडाली तेव्हा मात्र अन्नपाणी वर्जून तेरा दिवस ते शिळेवर पडून राहिले आणि वही तरली, असे आपली परंपरा सांगते. कोणती वही जपायची, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आणि त्या गाथेत आहे तरी काय? केवळ ज्ञानाच्या गोष्टी नाहीत. दिवाळे निघाल्याची लाज आहे, उपाशी बायको गेल्याचे दुःख आहे, देवाशी भांडण आहे, हट्ट आहे, आपल्या दोषांची कबुली आहे. आज एक अभंग कळवळून देवाला हाक मारतो, तर दुसरा त्याच देवाला दिवाळखोर ठरवतो. कोणी पंडित संपादक तेव्हा जवळ असता आणि आमच्यासारखी काट मारत सुटता, तर आपल्या हाती काय उरले असते? चाकणच्या संताजी जगनाड्यांसारखे लेखक त्यांना लाभले, ते जसे निघाले तसे उतरवून घेणारे, हे आपले भाग्य.

दुसरे उदाहरण संत बहिणाबाईंचे. सन १६२८ ते १७०० हा त्यांचा काळ. वैजापूरजवळचे देवगाव हे माहेर. लग्न अगदी कोवळ्या वयात, नवरा तिशीचा. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाची ओढ लागली, तुकोबांचा ध्यास लागला आणि त्यापायी पतीच्या हातचा मार खावा लागला. हे सारे त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगितले आहे. मार बसला ते सांगितले, वासरू मेल्याचे दुःख सांगितले, पतीविषयीचा आदरही सांगितला. त्या काळातल्या एका गृहिणीने घरातले दुःख असे उघड मांडावे, हे थोडे धैर्य नव्हे. आणि अंतकाळी मुलाजवळ त्यांनी आपले मागील बारा जन्मही कथन केले. स्वतःचा शोध घ्यायला बसलेले माणूस किती खोल उतरते, ते येथे दिसते.

आता दुसरी शंका. मनाला येईल ते लिहायचे म्हणजे मन मोकाट सोडणे नव्हे काय? आपला संप्रदाय तर मन आवरायला सांगतो. यावर एक दृष्टांत ऐका. विहिरीचा गाळ काढायला उतरले की पहिल्या प्रथम पाणी गढूळ होते, वासही सुटतो. म्हणून कोणी गाळ काढायचे थांबवतो का? गाळ वर आला नाही तर झरा मोकळा कसा होणार? आत दाबून ठेवलेले मन आवरलेले नसते. ते वर झाकण घातलेल्या विहिरीसारखे असते.

हे आजच्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही आपल्या रीतीने तपासले आहे. सन १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला लावले. ज्यांनी मनावरचा घाव, घडले ते आणि वाटले ते दोन्ही धरून लिहिला, त्यांना त्या वेळी अधिक उदास वाटले. पण पुढल्या सहा महिन्यांत त्यांना दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. पाणी आधी गढूळ झाले, पाहा. नंतरच्या प्रयोगांत मात्र सर्वांनाच सारखा गुण आला असे नाही. म्हणून आम्हीही याला रामबाण म्हणत नाही. दुःख इतके असेल की अन्न जात नाही, जीव नकोसा वाटतो, तर वहीवर विसंबू नये. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना दाखवावे. त्यात भक्तीला कमीपणा नाही.

तिसरी शंका आमच्यासारख्या शास्त्री मंडळींची. मग शुद्धीला काही किंमतच नाही काय? आहे तर! शके १५०६ मध्ये नाथ महाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून माउलींचे बोल पुन्हा जागेवर बसवले. ती शुद्धी म्हणजे ज्याचे त्याचे बोल ज्याला त्याला परत देणे. आम्ही त्या शेतकऱ्याच्या वहीत उलट केले. त्याचे बोल काढून आमचे घातले. नाथांनी जो दोष काढला, तोच आम्ही केला.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी फार विचार करू नये. हरिपाठ झाल्यावर किंवा पहाटे काकड्याच्या वेळी साधी वही घ्यावी. वर ‘पांडुरंगा’ एवढे लिहावे आणि पंधरावीस मिनिटे हात थांबवू नये. खोडू नये, मागे वळून वाचू नये, अक्षर सुधारू नये. सुचले नाही तर सुचत नाही असेच लिहावे. राग आला तर राग लिहावा, पांडुरंगाला त्याची सवय आहे. ते कोणाला दाखवू नये, आम्हाला तर मुळीच नाही! आणि त्याचा अभंग करून शेवटी ‘तुका म्हणे’ लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. वही नकोशी झाली तर चुलीत घालावी, पण नदीत सोडू नये. इंद्रायणीवर आधीच पुष्कळ भार आहे.

आणि ज्यांना लिहिता येत नाही? त्यांनी खंत करू नये. आपल्या आयाबाया जात्यावर बसून सासरचे, माहेरचे सारे ओवीत सांगत आल्या. जनाबाई दळता कांडता विठ्ठलाशी बोलल्या. जाते गेले, पण पहाट गेलेली नाही. तुळशीपुढे बसावे आणि मोठ्याने सांगावे. फक्त एक पथ्य पाळावे, सांगताना शोभिवंत करू नये.

तात्पर्य एवढेच. हिशेबाची पाने आपण सर्वच लिहितो, दुसऱ्याने आपले काय बुडवले ते नीट मांडतो. वही उलटून मागची पाने लिहावीत, तेथे आपण कोणाचे काय कोरले ते निघते. निघाले तर त्यावर काट मारू नये. तो आपल्यापुरता बांध पुन्हा घालावा.

त्या माउलीची जुनी वही आता कुठे आहे, आम्ही विचारले नाही. आमच्या हातची सुवाच्य वही मात्र त्याने मागल्या वारीत परत आणून दिली. ती आमच्या पोथ्यांजवळ ठेवली आहे. कोणाचे काही शुद्ध करायला घेतले की आधी ती उघडून पाहतो.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!