असहमत व्हा, पण कसोटीला उतरा

मुलुंडला सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या घोळक्यात हल्ली एक युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. गुरुत्वाकर्षण काय, महास्फोट काय, शेवटी सगळे सिद्धान्तच. शास्त्रज्ञांचेच त्यावर एकमत नाही. खुद्द खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी महास्फोट मानला नाही. मग पत्रिकेतले ग्रह मानणाऱ्यांनाच तेवढे अडाणी का ठरवता?

यातला नारळीकरांविषयीचा भाग खरा आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे. १९६४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, केंब्रिजमध्ये असताना त्यांनी फ्रेड हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. वस्तूचे वस्तुमान ही तिची एकटीची मिळकत नव्हे, विश्वातल्या उरलेल्या पदार्थामुळे ते तिला लाभते, हे त्याचे सूत्र. विश्वाला आरंभ नाही, म्हणजे महास्फोट झालाच नाही, हे हॉईल यांचे मत नारळीकरांनाही मान्य होते. पुढच्याच वर्षी पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेले पार्श्वप्रारण, म्हणजे महास्फोटाची उरलेली धग मानले जाणारे प्रारण, जाहीर झाले आणि पारडे महास्फोटाकडे झुकले. नारळीकर मागे हटले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित मांडणी केली, पण तीत त्या प्रारणाचा खुलासा त्यांना द्यावाच लागला. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना तो पटला नाही.

'द्यावाच लागला' हे शब्द माझ्या मित्रांच्या युक्तिवादातून गळतात. प्रस्थापित सिद्धान्त नाकारणाऱ्यावर त्या सिद्धान्ताने उलगडलेले सारे पुन्हा उलगडून दाखवण्याची जबाबदारी येते. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा फरक न्यूटनच्या नियमांत बसत नव्हता. आइन्स्टाइनने तो १९१५ मध्ये बसवला, पण न्यूटनचे बाकीचे सगळे हिशेब सांभाळून. 'विज्ञान सारखे बदलते' म्हणणाऱ्यांनी रिक्षावाल्याच्या मोबाइलमधला नकाशा पाहावा. त्याला जागा सांगणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या गणिताने ती दुरुस्त केली नाहीत, तर दिवसाभरात सुमारे ११ किलोमीटरची चूक साचेल. वर्सोवा ते घाटकोपर हा मेट्रोचा अख्खा मार्ग जवळपास तेवढाच आहे.

विज्ञानातही मक्तेदारी असते, हा दुसरा आक्षेप. असते. महास्फोटाला पर्याय शोधणाऱ्या संशोधनालाही निधी मिळावा, असे जाहीर पत्र २००४ मध्ये 'न्यू सायंटिस्ट'मध्ये छापून आले, त्यावर नारळीकरांचीही सही होती. मात्र त्या पत्रातली मागणी आपली मते तपासता यावीत, अशी होती. तपासणीतून सूट कोणी मागितली नव्हती.

फलज्योतिषाला नारळीकरांनी हीच संधी दिली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा झाल्या : १०० मुले हुशार, १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला यांतल्या ४० पत्रिका मिळाल्या. कोणती कुणाची, एवढेच ओळखायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची ४० पैकी २४ बरोबर होती. डोळे मिटून नाणे उडवले असते, तरी सरासरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. आपला एवढा वेळ आणि प्रतिष्ठा त्यांनी या प्रश्नाला दिली, कारण इथे चुकीची किंमत माणसे मोजतात.

बोरिवलीच्या माझ्या एका स्नेह्याच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मागच्या वर्षी पत्रिकेतल्या मंगळामुळे मोडले. मुलगी शिकलेली, कमावती. दोघांनी एकमेकांना पसंत केले होते. तिच्यात काय कमी आहे, हे कुणी तिला सांगू शकले नाही, तरी नकार तिलाच पचवावा लागला. मी तिच्या वडिलांना वरचे आकडे सांगितले. ते म्हणाले, "मला पटतंय हो. पण मुलाकडच्यांना कोण सांगणार?" आता धाकटीसाठी स्थळे पाहताना त्यांनी स्वतःच आधी पत्रिका मागवली आहे.

येत्या रविवारी मी बोरिवलीला जाणार आहे. आधी त्यांच्याशीच बोलायचे आहे.